धूर, दाह आणि अडुळसा : प्रस्तावना

काष्ठौषधींच्या दुकानात गिऱ्हाईक वनस्पतीचं नाव घेऊन क्वचितच येतं, ते तक्रार घेऊन येतं. ‘छाती भरलीय’, ‘कफ सुटत नाही’, ‘जिना चढला की दम लागतो’. आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘सिगारेट आहे थोडी’. ही ‘थोडी’ दिवसाला पाकीटभरही असू शकते. दुकानदार खोलात शिरत नाही. ज्येष्ठमध, पिंपळी, बेहडा, काकडशिंगी, वाळलेला अडुळसा असं काही पुडीत बांधतो, उकळायचं कसं ते सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जुन्या नाशकात हा व्यवहार रोजचा आहे. हल्ली त्याला नवं रूपही आलंय : ‘फुफ्फुस साफ करणारा’ काढा, गोळ्या, थेंब, चहा. बाटलीवर हिरवं पान ठळक असतं आणि आत काय आहे ते वाचायला भिंग लागतं.

या सगळ्यामागचा प्रश्न मात्र रास्त आहे. सिगारेटच्या धुरानं श्वासमार्गाला जो दाह होतो, त्यावर पाल्यामुळ्यांचं औषध लागू पडतं का? पुढची पानं त्या प्रश्नासाठी आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्यानं आपलं मत शेवटपर्यंत झाकून ठेवू नये, म्हणून आधीच सांगतो. काही वनस्पती लागू पडतात, एकदोन वनस्पतींनी तर जगाला मोठी औषधं दिली. पण त्यांचं काम धूर थांबल्यावर सुरू होतं. धूर चालू ठेवून घेतलेला काढा सिगारेटला मुदतवाढ देतो, एवढंच.

नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट एकट्या सिगारेटपासून सुरू करता येत नाही. इथला जुना धूर विडीचा. सिन्नरची ओळख औद्योगिक वसाहतीच्या कितीतरी आधी विडीची होती. मांडीवर सूप घेऊन पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, यावर तिथल्या अनेक घरांची चूल पेटली. नाशिकमध्ये वाणिज्य शिकलेल्या पिढ्या ज्या ‘बीवायके’ महाविद्यालयातून बाहेर पडल्या, त्या तीन अक्षरांमागचं नाव भिकुसा यमासा क्षत्रिय. सिन्नरच्या विडी व्यवसायातलं हे नाव. संगमनेर-अकोले भागातल्या विडी कामगारांच्या किमान वेतनाचा वाद १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या निकालावरही याच पेढीचं नाव आहे. पुढे १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा. मजुरीवर बोलणं झालं, घरकुलांवर झालं; छातीवर फार कमी झालं. विडी वळणारी बाई बहुधा विडी ओढत नाही, पण तंबाखूची धूळ दिवसभर तिच्या नाकातोंडात जात असते. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या बायकांवर युगांतर या गटानं १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ नावाचा माहितीपट केला होता. तंबाखूचा त्रास कोणाकोणाला होतो याची यादी करताना जे ओढणाऱ्यापाशीच थांबतात, त्या प्रत्येकानं तो पाहावा.

विडीबद्दल एक समज अजून टिकून आहे : तंबाखू कमी, वर झाडाचं पान, म्हणजे सिगारेटपेक्षा सौम्य. प्रत्यक्षात टेंभुर्णीचं पान सिगारेटच्या कागदासारखी हवा आत घेत नाही. विडी विझू पाहते, ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात, आणि निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात. झाडाचं पान जळल्यावर औषधी राहतं ही समजूत इथूनच सुरू होते. तुळस-ज्येष्ठमधाच्या ‘आयुर्वेदिक सिगारेटी’ याच समजुतीवर विकल्या जातात. त्यांच्यात निकोटिन नसतं हे खरं. पण कोणतंही पान जाळा, कार्बन मोनॉक्साइड आणि टार निघणारच.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू या ना त्या रूपात घेताना आढळले, पण धूर काढणारे ३.८ टक्केच होते. बाकीचे मळून, चघळून, दाढेला लावून. म्हणजे धुराचा प्रश्न आपल्याकडे लहान आहे, असं कोणी म्हणेल. पण या राज्यातल्या प्रौढांचे ३.८ टक्के म्हणजेही कित्येक लाख माणसं होतात, आणि त्यांच्या घरातली माणसं त्यात धरलेली नाहीत.

आता दाहाकडे येऊ. औषध कुठवर पोचू शकतं हे कळायला आत काय बिघडतं ते नीट पाहावं लागतं, म्हणून वाचकाला इथे जरा थांबवतो.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण होणारी. शिवाय एका झुरक्यात लाख अब्जांच्या घरात ‘फ्री रॅडिकल’, म्हणजे पेशींवर तुटून पडणारे अस्थिर रेणू. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अगदी बारीक रोम असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ अडकलेला कफ वर घशाकडे ढकलतात. धुरानं हे रोम आधी मंदावतात, पुढे झडतात. त्याच वेळी कफ करणाऱ्या ग्रंथी वाढतात. कफ जास्त आणि तो बाहेर काढणारं कोणी नाही, अशी स्थिती होते. ओढणाऱ्याला सकाळी उठल्यावर जो ठसका लागतो, तो यातूनच. रात्रभर धूर नसल्यानं रोम थोडेफार हलू लागलेले असतात आणि साचलेलं वर येऊ बघतं. पहिली सिगारेट ओढली की हा खोकला शमतो. माणसाला वाटतं सिगारेटनं बरं वाटलं. खरं तर रोम पुन्हा गप्प झालेले असतात.

याच्याही खाली दुसरी गोष्ट घडते. धुरानं डिवचलेल्या पेशी इंटरल्यूकिन-८ सारखे रासायनिक निरोप सोडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, तिथे गर्दी करतात. जंतू मारायला त्यांच्याकडे जी शस्त्रं असतात, त्यांत इलॅस्टेज नावाचं विकर असतं. ते फुफ्फुसाचा लवचिक धागाच कुरतडतं. निरोगी माणसात त्याला आवर घालणारं प्रथिन रक्तात असतं, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. धूर नेमकं तेच निकामी करतो. मग द्राक्षाच्या घडासारखे असलेले वायुकोश एकेक करून फाटतात, मण्यांच्या जागी मोठ्या पोकळ्या होतात, आणि हवा आत गेली तरी नीट बाहेर पडत नाही. यालाच एम्फिसीमा म्हणतात. नळ्यांची जुनाट सूज आणि हा प्रकार मिळून जो आजार होतो तो सीओपीडी. गेल्या काही वर्षांच्या अंदाजांत भारतातल्या मृत्यूंच्या कारणांत त्याचा नंबर हृदयविकाराच्या खालोखाल लागत आला आहे.

यातून एक भेद लक्षात ठेवायचा. नळ्यांची सूज, कफ, आकुंचन हे उतरू शकतं. फाटलेले वायुकोश परत येत नाहीत. काढ्यानं नाही, पंपानं नाही, प्राणायामानंही नाही. ‘फुफ्फुस साफ’ करण्याची जाहिरात हा भेद गिळून टाकते. आणखी एक गोष्ट : बरीच वर्षं ओढलेल्या माणसात हा दाह सिगारेट सुटल्यावरही काही प्रमाणात धुमसत राहतो, आणि दम्यात चांगला चालणारा स्टिरॉइड इथे तितका चालत नाही, कारण त्याला ज्या प्रथिनाची मदत लागते तेही धुरानं अशक्त केलेलं असतं. म्हणजे वनस्पतींकडे वळणारा माणूस अगदीच भाबडा नसतो. आधुनिक औषधांचाही हात इथे आखडतो.

आता जुन्या वैद्यांकडे जाऊ, कारण या विषयावर त्यांनी जे लिहिलंय ते आज सांगितलं जातं त्यापेक्षा फार चोख आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाचा विधी येतो. वेलची, वाळा, चंदन, ज्येष्ठमध, जटामांसी, गुग्गुळ, अगरू, लोध्र, वड-उंबर-पिंपळाच्या साली अशी द्रव्यं वाटून आठ अंगुळं लांब, अंगठ्याएवढी जाड, जवासारखी मधे फुगीर वर्ती करायची, तूप लावून नळीतून ओढायची. वेळा ठरलेल्या : अंघोळीनंतर, जेवणानंतर, दात घासल्यावर, नस्य (नाकात औषध घालणं) झाल्यावर वगैरे आठ. तोंडानं घेतलेला धूर नाकानं सोडायचा नाही, त्यानं डोळे बिघडतात. कोणी ओढू नये याची यादी लांबलचक आहे. गर्भिणी, रक्तपित्ताचा रोगी, दारू प्यालेला असे अनेक त्यात आहेत. आणि अवेळी किंवा अति ओढलं तर बहिरेपण, आंधळेपण, वाचा जाणं, रक्तस्राव, चक्कर हे उपद्रव सांगून त्यांवर तूप पिणं, नस्य, अंजन, तर्पण असे उपाय दिले आहेत. ‘आपल्या ऋषींनीही धूमपान सांगितलंय’ असं म्हणून सिगारेटचं समर्थन करणाऱ्यानं हा अध्याय उघडून पाहिलेला नसतो, हे खात्रीनं समजावं.

सुश्रुतांचं प्रकरण त्याहून उपयोगाचं. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात, म्हणजे अग्निकर्माच्या आणि भाजल्याच्या प्रकरणात, ते धुरानं घेरलेल्या माणसाचं वर्णन करतात. त्याला धाप लागते, खोकला-शिंका येतात, पोट फुगतं, डोळे लाल होऊन चुरचुरतात, श्वासातून धूर निघाल्यासारखं होतं, दुसरा वास कळत नाही, चव आणि ऐकणं मंदावतं, तहान, आग, ताप, शेवटी मूर्च्छा. धुराची इजा त्यांनी भाजण्याच्या पंक्तीला बसवली, ही निदानाची समज मोठी आहे. उपाय काय? आधी ओकारी काढायची. त्यासाठी तूप, उसाचा रस, द्राक्षं, दूध, साखरेचं पाणी, गोड-आंबट रस. मग गुळण्या, मग नस्य, आणि शेवटी हलका, स्निग्ध, आग न करणारा आहार. द्राक्षं आणि ऊस हे एकाच तालुक्यात पिकवणाऱ्या निफाडकरांना हे वाचून बरं वाटेल, पण घरी कोणी असला प्रयोग करू नये. ही चिकित्सा आगीत सापडलेल्या माणसासाठी होती आणि जवळ वैद्य उभा होता. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. माणूस धुरातून बाहेर आलेला आहे हे तिथे गृहीतच आहे. जो धुरात बसून राहणार आहे, त्याच्यासाठी सुश्रुतांनी एकही चूर्ण सांगितलेलं नाही. निदानपरिवर्जन, कारण दूर करणं, ही आयुर्वेदात चिकित्सेची पहिली पायरी मानली आहे, काढा त्यानंतरचा.

तंबाखू या दोन्ही ग्रंथांत नाही, असूही शकत नाही. ती पोर्तुगीजांबरोबर आली; विजापूरहून ती अकबराच्या दरबारात पोचली तेव्हा सतरावं शतक नुकतं उजाडलं होतं, आणि जहांगिरानं १६१७ साली तिच्यावर बंदीही घालून पाहिली. पुढच्या काळातल्या योगरत्नाकर या ग्रंथात तमाखूचे गुणदोष आले. म्हणून ‘सिगारेटच्या दाहावर पाच हजार वर्षांपूर्वीचं औषध’ असं कुठे छापलेलं दिसलं की ती बाटली खाली ठेवावी.

अडुळशाची गोष्ट मात्र अभिमानानं सांगावी अशी आहे. बांधावर, ओढ्याकाठी, गावकुसाला तो कुंपण म्हणून लावतात, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पानं वाफवून किंवा पुटपाक करून काढलेला रस मधातून द्यायचा, ही कफाच्या खोकल्यावरची रीत आपल्या घरांत फार जुनी. त्या पानांत वासिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्या धाग्यानं पुढे जाऊन १९६०च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून अँब्रॉक्सॉल. चिकट कफ पातळ करणारी ही औषधं आज खोकल्याच्या किती बाटल्यांत आहेत ते कोणत्याही मेडिकलच्या फळीवर दिसेल.

धोत्र्याचा प्रवास आणखी विलक्षण. दम्यावर धोत्र्याचा धूर घेण्याची इथली रीत मद्रासच्या इंग्रज डॉक्टरांनी पाहिली आणि १८०२च्या सुमारास ती विलायतेत गेली. एकोणिसाव्या शतकात ‘दम्याच्या सिगारेटी’ युरोपभर खपत होत्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्या ओढायचा. धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपिन श्वासनळ्यांचं आकुंचन सोडवतं, पण ते विषही आहे. भ्रम होतो, लघवी अडते, हृदय धावू लागतं. म्हणून त्याची रचना बदलून रक्तात फारसं न शिरणारं इप्राट्रोपियम केलं गेलं आणि नंतर त्याच घराण्यातलं, दिवसभर पुरणारं टायोट्रोपियम. सीओपीडीच्या ज्या पंपाबद्दल ‘त्याची सवय लागते, त्यापेक्षा झाडपाल्याचं घेतो’ असं आपल्याकडे म्हटलं जातं, त्या पंपात अनेकदा धोत्र्याचाच नातू बसलेला असतो. ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल, इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही चारही औषधं एकाच जर्मन कंपनीनं, बोहरिंगर इंगेलहाइमनं, बाजारात आणली. कुंपण आपलं, शोध त्यांचा. यावर नुसतं हळहळण्यापेक्षा त्यांनी काय केलं ते बघावं : द्रव्य वेगळं काढलं, मात्रा ठरवली, माणसांवर तपासलं आणि जिथे अपाय दिसला तिथे रेणू बदलला.

आता या प्रस्तावनेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा केंद्रांवर ५,८८७ सिगारेट ओढणाऱ्यांचा ‘लंग हेल्थ स्टडी’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ साली आले. काहींना सिगारेट सोडायला कसून मदत केली आणि जोडीला इप्राट्रोपियमचा पंप दिला, काहींना तीच मदत आणि औषध नसलेला पंप, काहींना नेहमीसारखं सोडून दिलं. पंपानं श्वास थोडा मोकळा झाला, पण पंप थांबताच तो फायदा गेला. फुफ्फुसाची ताकद घटण्याचा वेग त्यानं बदलला नाही. वेग बदलला तो सिगारेट सोडल्यानं. अकरा वर्षांनी पाहिलं तेव्हा ओढत राहिलेल्या पुरुषांची, एका सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणाऱ्या हवेची क्षमता वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरनं घटत होती आणि सोडलेल्यांची ३० मिलिलिटरनं. हे ३० मिलिलिटर वयपरत्वे कोणाचेही जातात. धोत्र्याचं सगळ्यात सुधारलेलं, मोजून-मापून केलेलं रूप जर चालू धुरापुढे हरत असेल, तर पुडीतल्या भरड चूर्णाकडून आपण कोणती अपेक्षा ठेवतो?

हळदीबद्दल लिहिलं नाही तर वाचक रागावतील. हळदीच्या पेटंटची लढाई मराठी माणसाला ठाऊक आहे : जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं ते १९९७ साली रद्द करवून घेतलं. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाहाचे अनेक निरोप अडवतं. वर स्टिरॉइडच्या ज्या मदतनीस प्रथिनाचा उल्लेख केला, त्याला धुराच्या माऱ्यानंतर ते पुन्हा उभं करतं असंही पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. हे आशादायक आहे. पण पेशी बशीतल्या होत्या. आपण पितो त्या हळदीच्या दुधात चमचाभर, म्हणजे साधारण तीन ग्रॅम हळद. तिच्यातलं कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आतड्यातून रक्तात जाणारं त्यातलं फारच थोडं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर ते वीसपट शोषलं जातं. दुधात मिरपूड टाकणाऱ्या आजीबाईंच्या बाजूनं हा कौल आहे. पण दूध-हळदीनं ओढणाऱ्याचं फुफ्फुस वाचतं असं म्हणायला माणसांवरचा आधार नाही. घसा शेकतो, बरं वाटतं. त्यासाठी जरूर प्यावं.

‘नैसर्गिक आहे, उपयोग नाही झाला तरी अपाय तरी काय?’ हा प्रश्न या विषयात नेहमी येतो. त्याचं उत्तर फिनलंडहून आलं. ओढणाऱ्यांच्या शरीरात फ्री रॅडिकल उसळतात, गाजर-भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन त्यांना शमवतं, तेव्हा त्याची गोळी दिली तर कर्करोग टळेल, असा सरळ हिशेब होता. पन्नाशीपुढच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर तो तपासला. १९९४ साली निकाल लागला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातही तसंच दिसू लागलं आणि तो १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. भाजीतलं गाजर खायला कोणाची हरकत नाही. पण ओढणाऱ्याच्या शरीरात ‘अँटिऑक्सिडंट’ अर्क ओतण्याआधी वैद्यानं आणि डॉक्टरानं हे दोन अभ्यास आठवावेत.

आपल्याकडच्या वनस्पतींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्येष्ठमध घशाला उत्तम, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. आणि ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला रक्तदाब असण्याची शक्यता दांडगी. पिंपळी-मिरी यकृतातल्या औषध जिरवण्याच्या क्रियेला आवर घालतात, त्यामुळे थिओफिलिनसारख्या दम्याच्या गोळीचं प्रमाण रक्तात वाढू शकतं. त्यातच माणसानं सिगारेट सोडली तर ते आणखी वाढतं, कारण धूर तीच गोळी लवकर जिरवत होता. अडुळसा गर्भिणीला देऊ नये. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण यकृताचा त्रास असलेल्यानं जपून राहावं एवढं तरी त्यातून घ्यावं. आणि दोन दिवसांत दमा ‘बसवणारी’ बिननावाची पांढरी पुडी कोणी दिली, तर तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. तसं तपासण्यांत अनेकदा सापडलं आहे.

मग वनस्पतींना जागा कोणती? माझ्या मते तीन ठिकाणी आहे, आणि पुढच्या पानांतली माहिती वाचक त्या हिशेबानं वाचू शकतो. सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला कमी होण्याऐवजी वाढतो, कारण झोपलेले रोम पुन्हा कामाला लागतात. ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो’ म्हणून पुष्कळ जण याच टप्प्यावर परत पेटवतात. इथे अडुळसा-मध, सितोपलादी चूर्ण, ज्येष्ठमधाचा तुकडा, गरम पाण्याची वाफ यांचं मोल मोठं आहे. ही औषधं माणसाला तो महिना पार करून देतात. दुसरी जागा तलफेची : हाताला आणि तोंडाला काही तरी हवं असतं, तेव्हा ओवा-बडीशेप-लवंग कामाला येते. तिसरी जागा निश्चित झालेल्या सीओपीडीत, चालू पंपाच्या जोडीला, वैद्य आणि डॉक्टर दोघांना एकमेकांची औषधं माहीत असताना. पंपाऐवजी कधीच नाही.

धूर फक्त सिगारेटचा नसतो, हेही इथे नोंदवतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं. चुलीपुढे जन्म गेलेली सुरगाण्या-पेठची बाई त्यात येते. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. नवऱ्यानं सिगारेट सोडली आणि उशाशी कॉइल तशीच राहिली, तर अडुळशाची अर्धी ताकद तिथेच खर्ची पडेल.

नाशिककडून मला एक अपेक्षा आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. राज्यभरातल्या आयुर्वेदाच्या आणि अ‍ॅलोपॅथीच्या पदव्या एकाच छताखालून निघतात. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचं महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या डोंगरांत वनस्पती आहेत, सिन्नरला धूर आणि धूळ खाल्लेली छाती आहे. सिगारेट-विडी सोडलेल्या माणसांना अडुळशाची ठरलेली मात्रा द्यायची, दुसऱ्या गटाला द्यायची नाही, स्पायरोमीटरवर फुंकून घ्यायचं आणि वर्षभरानं आकडे छापायचे. असा अभ्यास करायला यापेक्षा सोयीचं गाव देशात सापडणं कठीण. निकाल अडुळशाच्या विरुद्ध गेला तरी तो छापावा.

वाचकांना दोनच विनंत्या. चाळिशी उलटलेली असेल, काही वर्षं ओढलेली असेल आणि चढावर दम लागत असेल, तर कोणतंही चूर्ण आणण्याआधी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी, करून घ्या. तपासणी काही मिनिटांची आहे आणि सुई टोचावी लागत नाही. आणि सोडायचं ठरवलं असेल तर मदतीचा सरकारी फोन मोफत आहे : १८००-११-२३५६. हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवरच छापलेला असतो.